चार कप्प्यांची बेरीज

चौतिसाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाई पोट तपासता तपासता सहज म्हणाल्या, "बाळाभोवतीचं पाणी जरा कमी वाटतंय, सोनोग्राफी करून घ्या." त्यातला 'जरा' घरी पोचेपर्यंत गळून पडला. संध्याकाळी सासूबाई तांब्या घेऊन माझ्यासमोर उभ्या. "पी गं, बाळाचं पाणी आटलंय."

सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीला लघवी रोखून यायला सांगतात, ते माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं. त्यामुळे निघताना मी दीड लिटर पाणी प्यायले. माझा नंबर अकरावा, आत पाचवा. समोरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पिंपाचा नळ गळत होता. टप्... टप्... त्या अर्ध्या तासाबद्दल मी एवढंच सांगेन, की मला सातव्या नंबरच्या बाईंचा मनापासून राग आला होता. त्या आत जाऊन काय गप्पा मारत होत्या कोण जाणे.

शेवटी टेबलावर आडवी झाले. पोटावर गारेगार जेल, त्यावर प्रोब, म्हणजे ते पोटावर फिरवायचं यंत्र, आणि डॉक्टर म्हणाले, "अहो, आता एवढं भरून यायची गरज नसते. जाऊन या आधी."

परत आले तेव्हा टेबलावर बारावा नंबर होता.

मोजायची पद्धत मात्र भारी आहे. बेंबीतून एक आडवी रेघ, मधोमध एक उभी, असे पोटाचे मनातल्या मनात चार भाग करायचे. प्रत्येक भागात प्रोब जमिनीशी काटकोनात धरून पाण्याचा सगळ्यात खोल खड्डा शोधायचा, त्याची उभी खोली मोजायची आणि चारही आकडे मिळवायचे. झाला एएफआय, म्हणजे गर्भजलाचा निर्देशांक. ५ ते २५ सेंटीमीटरच्या मध्ये असला की ठीक. १९८७ सालापासून हे असं चाललंय. बादलीत चार ठिकाणी पट्टी बुडवून कुणी "बादलीत सव्वीस सेंटीमीटर पाणी आहे" म्हणालं, तर आपण त्याच्याकडे कसं बघू?

त्यातून खड्ड्यात नाळ किंवा हातपाय आला तर तो खड्डा बाद. हे बाळाला कुणी सांगितलं माहीत नाही. डॉक्टरांनी चित्र थांबवलं, अधिकचं बारीक चिन्ह वरच्या कडेला ठेवलं, दुसरं खाली न्यायला घेतलं, की खड्ड्यात पाऊल. "घातला बघा पाय!" पुन्हा शोधाशोध. तिसऱ्या भागात ते तीनदा झालं. अखेर २.४, १.७, ०.९ आणि २.८. नवऱ्याने बाहेर मोबाइलवर बेरीज पडताळून पाहिली. ७.८. पास, पण काठावर.

तांब्याच्या फेऱ्या वाढल्या. आठवड्याने दुसऱ्या डॉक्टरांनी मोजलं तर १०.२! सासूबाईंनी श्रेय तांब्याला दिलं. तसं आईने भरपूर पाणी प्यायलं तर आकडा थोडा वाढूही शकतो. पण प्रोब जोरात दाबला तर तो कमी येतो, आणि या डॉक्टरांचा हात हलका होता. हे मी घरी बोलले नाही. दुसरी एक गोष्ट मात्र तोंडून निसटली. या दिवसांत गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते. ते हेच पाणी गिळतं आणि हेच परत सोडतं.

सासूबाई बराच वेळ तांब्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे इतके दिवस आपण सगळे त्याची..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

छत्तिसाव्या आठवड्यात तिसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी चार भाग वगैरे केलेच नाहीत. "मी सगळ्यात खोल एकच खड्डा मोजते. २ ते ८ मध्ये असला की झालं. चारांच्या बेरजेने 'पाणी कमी'चा शिक्का जास्त जणींवर बसतो, कळा आणायची औषधं जास्त दिली जातात, आणि बाळांचा त्यात काही जास्तीचा फायदा दिसलेला नाही." दोन मिनिटांत मी टेबलावरून खाली. रिपोर्टवर ४.१, शेजारी 'नॉर्मल'.

दारातच सासूबाईंनी विचारलं, "किती?"

"चार पॉइंट एक. पण आई, या वेळी त्यांनी एकच—"

"अगं बाई! दहाचे चार?"

आणि स्वयंपाकघरातून तांब्या भरल्याचा आवाज आला.