जॅक लावला की शॉक बसतो, हे खरे नाही

इलेक्ट्रिक गाडी पंक्चर झाली तर तिला जॅक लावू नये, कारण तळातल्या बॅटरीचा शॉक बसतो. तिचे टायर रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला दुरुस्त करता येत नाहीत. स्टेपनी न देणे बेकायदा आहे. आणि दुसऱ्या गाडीने टोचन करून नेली की वाटेत बॅटरीही भरते, असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. यातली पहिली तीन विधाने चुकीची आहेत आणि चौथे महागात पडणारे आहे.

शॉकची भीती आधी पाहू. बॅटरीचा विद्युतदाब बहुतेक गाड्यांत ३०० ते ४०० व्होल्टच्या घरात असतो हे खरे. पण ती बॅटरी आणि तिच्या नारिंगी केबल गाडीच्या सांगाड्यापासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवलेल्या असतात, आणि गाडी बंद केली की काँटॅक्टर, म्हणजे आतला मोठा विद्युत स्विच, उघडून बॅटरीचा बाहेरच्या केबलशी असलेला संबंध तुटतो. जॅक लावताना जपायचे ते वेगळ्याच कारणासाठी. पुढच्या आणि मागच्या चाकांमधला बहुतेक तळ बॅटरीच्या पेटीने व्यापलेला असतो, आणि ट्रॉली जॅक सवयीने मध्येच कुठेतरी सरकवला तर ती पेटी चेपते, जी गाडीतली सर्वांत महाग वस्तू आहे. म्हणून दाराखालच्या कडेला कंपनीने खूण केलेल्या जागीच जॅक लावावा, आणि त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा ही गाडी बरीच जड असल्याने तो तेवढे वजन पेलणारा आहे ना, हेही पाहावे.

पंक्चरवाल्याबद्दलचा दावा तर त्याच्यावर अन्याय करणारा आहे. टायर ट्यूबलेसच असतो. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला असेल तर नेहमीच्याच पद्धतीने काम होते, आणि बाजूची भिंत फाटली असेल तर कोणत्याच गाडीचा टायर वाचत नाही. काही टायरांत आवाज कमी करण्यासाठी आतून फोम चिकटवलेला असतो. आतून पॅच लावायचा असेल तर तेवढ्या जागेचा फोम काढावा लागतो. सीलंट, म्हणजे भोक बुजवणारे द्रव, भरले असल्यास तेही त्याला आधीच सांगावे. नवा टायर घेताना मात्र नुसता आकार जुळून भागत नाही, भारक्षमतेचा निर्देशांकही कंपनीने सांगितल्याइतका हवा.

स्टेपनीचे उत्तर लहान आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ती बंधनकारक नाही. फाटलेल्या टायरपुढे ते किट काहीच करू शकत नाही, ही ग्राहकांची तक्रार मात्र मला रास्त वाटते.

टोचनाचा सल्ला सर्वांत घातक आहे. मोटरला जोडलेली चाके जमिनीवर फिरली की मोटरही फिरते, आणि तिच्यात कायमचे चुंबक असतील तर ती वीज निर्माण करते. पण यंत्रणा बंद असताना ही वीज बॅटरीत शिस्तीत भरली जात नाही, उलट मोटर आणि इन्व्हर्टरला (बॅटरीची वीज मोटरला योग्य रूपात देणाऱ्या भागाला) इजा होऊ शकते. शिवाय हवा नसलेला टायर ओढत नेल्याने रिमही खराब होते, ते वेगळेच. मदतीसाठी फोन करताना ‘इलेक्ट्रिक गाडी आहे, फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) पाठवा’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर पुढची दोनच चाके उचलणारी क्रेन येते आणि मागच्या चाकांना मोटर असलेली गाडी तिच्यामागे नेता येत नाही.