लोखंडी सायकल आणि धक्के: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वडिलांच्या आठवणींसकट मी आमच्या जुन्या लोखंडी सायकलीवर लिहिलं होतं, तिचं लोखंड धक्के पितं असंही म्हटलं होतं. त्यावर "22 किलोचं लोखंड, पावसात न लागणारे ब्रेक, आणि वर म्हणे लोखंड धक्के पितं! वडिलांच्या आठवणी सोडल्या तर यात काय उरतं?" असं तुम्ही विचारलंत.

ब्रेकचं मान्य. क्रोमची रिम ओली झाली की ब्रेकचं रबर नुसतं घसरत राहतं. पावसाळ्यात मी चौक दिसला की तेव्हापासूनच दाबायला लागतो. वजनाचंही मान्य. कात्रजचा घाट तिच्यावरून चढा, असं मी कुणालाच सांगणार नाही.

धक्क्यांबद्दल मी चुकीचं लिहिलं होतं. सायकलचा त्रिकोणी सांगाडा पोलादाचा असो की अ‍ॅल्युमिनियमचा, वरून भार आला तर तो जवळजवळ दबतच नाही. पण बसणाऱ्याला मिळणारं सुख खरं आहे, त्याचं कारण तेवढं वेगळं आहे. आमच्याकडची ही सायकल, आसनसोलच्या कारखान्यातली सेन-रॅले घ्या. 28 बाय दीड इंचाचे जाड टायर. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर 45 इंचांच्या घरात, शर्यतीच्या सायकलीत ते 39च्या आसपास असतं. हँडलखालची नळी चांगलीच मागे कललेली, त्यामुळे चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, लांबवर पुढे जातो आणि पुढचं चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा तुम्ही त्याच्या बरेच मागे, स्प्रिंगच्या चामडी सीटवर बसलेले असता. चिमटा मात्र खरोखर लवतो. फरसबंद रस्त्यावर हळू चालवत खाली पाहा, पुढच्या चाकाचा आस मागेपुढे थरथरताना दिसेल.

आता उरतं काय, ते सांगतो. चार वर्षांपूर्वी सीटखालच्या सांध्याला केसाएवढी चीर गेली. नाक्यावरच्या गॅस वेल्डिंगवाल्याने रंग खरवडला, टाकणखार लावला, नळी लाल होईपर्यंत ज्योत फिरवली आणि पितळेची कांडी टेकवली. पितळ पाण्यासारखं सांध्यात ओढलं गेलं. अर्ध्या तासाचं काम, दोनशे रुपये. तो सांधा आजही मला रोज कामावर नेतो. अ‍ॅल्युमिनियमलाही झाळ मारता येते, पण त्या उष्णतेने सांध्याजवळची ताकद उतरते आणि ती परत आणायला भट्टी लागते. ती सोय आमच्या नाक्यावर नाही. सायकलची किंमत ठरवताना मी आधी हे धरतो, वडील नंतर.

तुम्हाला हजार-पंधराशेत एक जुनी मिळते आहे आणि घ्यावी की नाही कळत नाही, असंही शेवटी लिहिलं आहे. रंगाकडे बघू नका. सीट पूर्ण उपसून काढा, नळीत बोट फिरवून गंज लागतो का बघा. मग सायकल उलटी करून पायडलच्या आसाखालचा भाग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. नळ्यांत शिरलेलं पाणी तिथेच साचतं. खणखणीत आवाज आला तर घ्या. आवाज बद्द आला आणि आतून तांबूस भुगा गळला, तर फुकट मिळाली तरी सोडा.