तापवल्यावर भोक मोठंच होतं: बेअरिंगच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बेअरिंग तापवून शाफ्टवर, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्यावर, चढवण्याच्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. धातू सगळीकडे फुगतो, म्हणजे आतल्या बाजूलाही फुगणार आणि भोक लहान होणार, हा पहिला. बेअरिंग 120 अंशांपेक्षा जास्त तापवू नये ही नसती भीती आहे, गॅसच्या ज्योतीवर काम लवकर उरकतं, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर बैलगाडीच्या चाकावर आहे. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा जराशी लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत तापवतात, लाकडावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. आतला घेर वाढला नसता तर धाव चढलीच नसती. कड्याची जाडीही वाढते, पण घेराच्याच प्रमाणात. तापलेलं कडं म्हणजे मूळ कड्याचीच किंचित मोठी प्रत.

मग मोजताना भोक वाढलेलं का दिसत नाही? बहुधा मोजण्याच्या साधनामुळे. तापलेल्या भोकात इनसाइड मायक्रोमीटर (आतला व्यास मोजायचं साधन) रेंगाळला की तोही फुगतो. तो कड्याइतकाच तापला तर आकडा जवळपास थंडीतलाच येतो. म्हणून माप झटकन घ्यायचं आणि मायक्रोमीटर लगेच बाहेर काढायचा.

आता 120 अंशांकडे. उदाहरण घ्या: शाफ्ट 100 मिमीचा, त्यावर 35 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) जादा. बेअरिंगचं भोक 20 मायक्रॉन कमी. ओढ, म्हणजे भोकापेक्षा शाफ्ट जितका मोठा तितका फरक, झाली 55 मायक्रॉन. हाताने सरकायला आणखी 45 हवेत, म्हणजे एकूण 100. पोलाद दर अंशाला मीटरमागे 12 मायक्रॉन वाढतं, म्हणजे 100 मिमीला 1.2. भागाकार केला की 83 अंश. शाफ्ट 30 अंशांवर असेल तर बेअरिंग 113 वर हवं. मर्यादेच्या आत काम होतं, मग ज्योत कशाला?

ज्योतीखालचा भाग निळा पडतो तेव्हा तिथे सुमारे 300 अंश झालेले असतात, आणि समोरची बाजू अजून कोमटच असते. भोक लंबगोल होतं. साध्या बेअरिंगचं पोलाद 125 च्या वर गेलं की त्याची अंतर्गत रचना बदलू शकते. मग माप कायमचं बदलतं, कडकपणा उतरतो. सील लावलेलं बेअरिंग तर 80 च्या वर नेऊच नये. इंडक्शन हीटर (चुंबकी क्षेत्राने बेअरिंग तापवणारं विजेचं यंत्र) नसेल तर स्वच्छ तेलाची टाकी चालते, फक्त बेअरिंग तळाला टेकवू नका, जाळीवर ठेवा.

एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली, ती तुमच्यामुळे लक्षात आली. थंड होताना बेअरिंग रुंदीतही आकसतं आणि शाफ्टच्या खांद्यापासून (बेअरिंग जिथे टेकतं त्या पायरीपासून) मागे सरकतं. त्यामुळे ते निवेपर्यंत लॉकनटने (बेअरिंग जागेवर आवळणाऱ्या नटाने) खांद्याला दाबून ठेवायचं आणि शेवटी फीलर गेज (पातळ पात्यांचं मापक) फट शोधायला लावायचा.

बेअरिंग ज्यात बसतं ते घर (हाऊसिंग) ॲल्युमिनियमचं असेल तर मात्र हिशेब उलटतो. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे 23 मायक्रॉन वाढतं, म्हणजे पोलादापेक्षा 11 जास्त. 80 मिमीचं घर आणि बेअरिंग दोन्ही 60 अंशांनी तापले की घर बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यापेक्षा 53 मायक्रॉन जास्त वाढतं आणि बैठक तेवढी सैल होते. थंडीत घट्ट बसलेलं बेअरिंग चालू यंत्रात फिरू लागतं ते याच कारणाने.