तहानलेलं झाड रात्री चमकतं म्हणे!

निपाणी-चिकोडीकडच्या शेतकरी ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, चमकणाऱ्या झाडाचा फोटो आणि खाली मजकूर: जेलीफिशचा जीन घातलेलं बी आलंय, पिकाला तहान लागली की रात्री आपोआप चमकतं, पाणी सोडलं की विझतं, आणि असली भाजी मार्केटला यायला लागलीय, खाऊ नका.

आधी फोटो. तो १९८६ चा, आणि झाड तंबाखूचं आहे ओ, निपाणीच्या माणसाला पान बघूनच कळायला पाहिजे होतं! त्यात जीन काजव्याचा होता, जेलीफिशचा नव्हेच. वर ल्युसिफेरिन नावाचं केमिकल पाण्यातनं पाजलं आणि फिल्मवर तासन्‌तास तो उजेड धरला, तेव्हा कुठं एवढं दिसलं.

जेलीफिशचा जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) खरा आहे, २००८ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यावरच. पण तो आपोआप पेटत नाही, निळा उजेड मारला तरच हिरवा परत देतो, अंधारात ठार काळा. त्यात पानातलं हरितद्रव्य स्वतःच लाल चमकतं (पालक स्पिरिटमध्ये चुरगाळा, गाळा आणि नोटा तपासायची टॉर्च मारून बघा), म्हणून लॅबमध्ये फिल्टर लावून मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं, बांधावरनं नाही.

आता तहानेचं, खरी गंमत इथंच आहे. शास्त्रज्ञ झाडाच्याच एखाद्या जीनचा स्विच, म्हणजे तो जीन कधी चालू व्हायचा ते ठरवणारा तुकडा घेतात, समजा आरडी-२९-ए नावाच्या जीनचा, आणि त्याच्यामागं जीएफपीचा जीन जोडतात, बहुतेक वेळा मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या बारक्या रोपात. स्विच दाबला गेला की जीएफपी तयार होतो, म्हणजे कुठल्या पेशीत, कधी, किती ते दिसतं. पण हा स्विच दुष्काळाला दाबला जातो तसा थंडीलाही आणि मिठालाही. म्हणजे कृष्णाकाठच्या क्षारपड रानात, जिथं पाणी जास्त होऊनच वाट लागलीय, तिथंही तो चालूच दिसणार, आणि हे बघून तुम्ही आणखी पाणी सोडणार? विझण्याचं म्हणाल तर जीएफपी टिकाऊ प्रोटीन आहे, स्विच बंद झाला तरी आधी बनलेलं कितीतरी तास तसंच राहतं.

राहिलं बी आणि भाजी. आपल्याकडं शेतकऱ्याच्या रानात परवानगीनं पिकतं ते जीएम (जीन बदललेलं) पीक म्हणजे बीटी कापूस, २००२ पासनं. जेलीफिशची भाजी मार्केटला कुठनं येणार, बीटी वांगंच २०१० पासनं अडकून पडलंय की.