लिलावाची लाज आणि कबाड्याचा काटा

सकाळी उठल्या उठल्या फॅमिली ग्रुप बघायचा नाही असं मी कितीदा ठरवलंय, पण ठरवून काय होतं. इथे इंग्लंडात, डर्बीत, सहा वाजलेले असतात, तिकडे नागपुरात साडेअकरा, म्हणजे दादाचा दुसरा चहा होऊन तो फुल फॉर्मात आलेला असतो. महाल या नागपूरच्या जुन्या वस्तीतला आमचा वाडा बिल्डरला दिला, सगळ्यांना फ्लॅट मिळणार, गाडी लावायला जागा मिळणार, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, कारण पावसाळ्यात माडीवर किती पातेली ठेवावी लागायची ते मी विसरलेलो नाही. प्रश्न सामानाचा. दादाने एकामागून एक सतरा फोटो टाकले, सागवानी कपाट, बंगई म्हणजे झोपाळा, भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, देवघराबाहेरची लक्ष्मीची तसबीर, आणि खाली लिहिलं, "कबाडी रविवारी येऊन राहिला, ज्याले जे पाहिजे त्यानं शनिवारपर्यंत उचला." मी विचारलं की दादा घड्याळ पण? तर म्हणे, "तू लंडनात बसून काऊन टेन्शन घेतो बे, ये अन् घेऊन जा."

डर्बी आणि लंडन यात दोनशे किलोमीटर आहेत हे मी आता सांगत नाही, सोडून दिलंय.

पण मला आठवलं ते वेगळंच. २०२५ च्या एप्रिलात लंडनच्या सदबीज या लिलावघरात रघुजी भोसल्यांची तलवार निघाली होती, आपले पहिले रघुजी, नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक. आपल्या राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ती घेतली, वाहतूक-विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपये, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. त्या दिवशी हाच ग्रुप, हाच दादा, हेच सतरा मेसेज. इंग्रजांनी लुटलेलं एकेक परत आणा, कोहिनूर आणा, तलवार मुंबईत कशाला नागपुरात आणा, अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या म्युझियममध्ये, ठेवा. मीही झेंडे टाकले, खोटं कशाला बोलू. म्हणजे एका वर्षी आपण लंडनच्या लिलावातून आलेल्या वस्तूसाठी ढोल वाजवतो आणि घरची घडवंची कबाड्याच्या काट्यावर चढते, आणि दोन्ही वेळेला आपल्याला आपण बरोबरच वाटतो.

इथलं सांगतो. आमच्या भागात एक लिलावघर आहे, मोठं वगैरे काही नाही, गोडाऊनसारखी शेड आणि बाहेर चिखल. आदल्या दिवशी माल बघायला मोकळा असतो, मी पहिल्यांदा गेलो ते पाऊस होता म्हणून आणि फुकट होतं म्हणून, नंतर चटकच लागली. लोक टॉर्च घेऊन येतात, कपाटाचा खण पूर्ण बाहेर ओढतात आणि खणाला नाही, त्याच्या पाठीला बघतात, सांधे हाताने कापलेत की मशीनने, पाठीच्या फळीचं लाकूड पुढच्याच वयाचं आहे की नंतर ठोकलंय. चिनी मातीची बशी उलटी करून खालचा शिक्का वाचतात, मग बोटाच्या टोकाने टिचकी मारतात, खणखणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. आमची आजी माठ घेताना हेच करायची न! डर्बी स्वतः पोर्सेलीनचं गाव, अठराव्या शतकापासून इथे भांडी बनतात, त्यामुळे इथे टिचकी मारणारे जास्त.

घड्याळांचा कोपरा मला सगळ्यात आवडतो. माणसाएवढी उभी घड्याळं, काहींवर व्हाइटहर्स्ट हे नाव, हा अठराव्या शतकातला डर्बीचाच घड्याळजी. त्यात एक गंमत कळली. यंत्र एका घड्याळाचं आणि लाकडी पेटी दुसऱ्याची असेल तर इथले लोक त्याला मॅरेज म्हणतात, लग्न लावलेलं घड्याळ, आणि कॅटलॉगमध्ये तसं लिहून टाकतात, म्हणजे किंमत पडणार हे माहीत असून लिहितात. चित्रांचंही तेच. अमुक चित्रकाराचं असं सरळ लिहिलं तर ते त्याचं, "अमुकाच्या वर्तुळातलं" म्हटलं की समजायचं कोणीतरी ओळखीचा, "अमुकावरून" म्हटलं की नक्कल. एवढ्या एका शब्दावर किंमत दहापटीने खाली येते आणि कोणी भांडत नाही.

आता कोणाला वाटेल की इथे जुन्याला फार मान आहे, तर तसं अजिबात नाही. व्हिक्टोरियन काळातली महागनीची भली मोठी ड्रॉवरची कपाटं इथे कवडीमोलाने जातात, या सगळ्या मालाला ब्राऊन फर्निचर असं एक नाव पडलंय आणि गेली वीस-पंचवीस वर्षं त्याचा भाव उतरतोच आहे, कारण घरं लहान झाली, पोरांना हलकं पांढरं फर्निचर पाहिजे, जिन्यातून वर चढवायचं कोणी. मी स्वतः चाळीस पौंडांत एक घेतलं, वर लिलावघराचं कमिशन आणि त्या कमिशनवर टॅक्स, ते धरूनही नागपुरात तेवढ्यात प्लायवूडचं टीव्ही युनिट येणार नाही. म्हणजे कोणातरी इंग्रज आजीचं कपाट माझ्या बेडरूममध्ये आहे आणि माझ्या आजीचं कपाट कबाडी घनफुटाच्या भावाने मोजतोय. हे लिहिताना मलाच कसंतरी होऊन राहिलंय.

मग फरक कशात आहे? पैशात नाही, प्रेमात तर नाहीच, दादाचं त्या घराशी जेवढं आहे तेवढं माझं नाही, मी तर बावीसाव्या वर्षी निघून गेलो. मला वाटतं फरक लिलाव या शब्दात आहे.

लिलाव आपल्याला माहीत नाही असं कोण म्हणेल. नागपूरच्या कळमना मार्केटात संत्र्याची बोली लागते, बल्लारपूरच्या डेपोत सागवानाचे लॉट लावतात, ते सागवान नव्या संसदेत गेलं, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेलं म्हणून आपण छाती फुगवतो. पण घरातल्या सामानाचा लिलाव म्हटलं की काय आठवतं? जप्ती. सावकार. दारात उभा राहिलेला बेलिफ आणि गल्लीतले लोक. "त्यांच्या घराचा लिलाव झाला" हे वाक्य आपल्याकडे हळू आवाजातच बोलतात. इथे म्हातारी गेली की मुलं पुढच्या आठवड्यात लिलाववाल्याला फोन करतात, तो येऊन याद्या करतो, कोणाची मान खाली जात नाही. आपण अब्रूसाठी लिलाव टाळतो आणि कबाड्याला बोलावतो, तो दुपारी येतो, शेजारी झोपलेले असतात, कोणाला काही कळत नाही. फक्त कबाडी यादी करत नाही. त्याच्या टेम्पोत चढलं की ती वस्तू कोणाचीच नसते.

आणि ही लाज नागपूरला तर जरा जास्तच असायला कारण आहे. तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारले, दत्तक मान्य नाही म्हणून कंपनीने राज्य खालसा केलं, आणि मग राजवाड्यातलं सगळं हातोड्याखाली आणलं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोल विकले, दागिने कलकत्त्याच्या बाजारात रवाना. बांकाबाई, दुसऱ्या रघुजींच्या राणी, तेव्हा चांगल्याच म्हाताऱ्या होत्या. फर्निचर हलवायला माणसं आली तेव्हा त्यांनी धमकी दिली की सामान बाहेर काढलंत तर राजवाडाच पेटवून देईन. हे एका इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवलंय. तरी फर्निचर नेलंच. शाळेत आम्हाला खालसा धोरण पाठ करायला लावलं, झाशी-सातारा-नागपूर, पण खुर्च्या-मेजांसाठी वाडा जाळायला निघालेली म्हातारी कोणी सांगितली नाही, ती सांगितली असती तर मी इतिहासात नापास झालो नसतो.

त्या फर्निचरचं काय झालं? इंग्लंडमधल्या एखाद्या घरात आजही असेल, कदाचित मी ज्या शेडमध्ये जातो तिथूनही कधी गेलं असेल, कोणाला कळणार. तलवार ओळखू आली कारण तिच्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव आणि सेनासाहेबसुभा ही पदवी आहे. खुर्चीवर कोण नाव लिहितं? मागे एकदा त्या शेडमध्ये पितळेचा पानाचा डबा बघितला, आत चुन्याची डबी, कात-सुपारीचे कप्पे, सगळं जागच्या जागी, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं "भारतीय दागिन्यांची पेटी". मी काउंटरवरच्या बाईला समजावलं, तिने मन लावून ऐकलं, पेनाने चिठ्ठी दुरुस्त केली, मला थँक्यू म्हणाली. डबा पंचवीस पौंडांना गेला, घेणारा काही पान खाणारा दिसत नव्हता.

ग्रुपवर मी हे थोडंसं टाकलं तर काका एकदम जागे झाले. त्यांनी कुठेतरी वाचलेलं की रविवर्म्याचं यशोदा-कृष्णाचं चित्र २०२३ मध्ये ३८ कोटींना गेलं, आणि गायतोंड्यांचं २०२५ मध्ये ६७ कोटींना, "आणि गायतोंडे तर आपल्या नागपुरात जन्मलेले!" मग म्हणे देवघराबाहेरची लक्ष्मी रविवर्म्याचीच आहे, थांबवा कबाड्याला. काकांना सांगावं लागलं की ती छापील आहे, रविवर्म्याने १८९४ मध्ये प्रेस काढला आणि असल्या तसबिरी घरोघरी गेल्या, तोच तर त्याचा हेतू होता. तुमची तसबीर म्हणजे कोटी नाही, पण भंगारही नाही, जुन्या छापाच्या तसबिरी घेणारे लोक आहेत. काका नाराज झाले. कोटी नाही तर मग देऊन टाका म्हणाले. आमच्याकडे मधलं काही नसतंच, एक तर ३८ कोटी नाहीतर रद्दी.

मग वकील असलेला मावसभाऊ आला, तो १९७२ चा पुरावस्तू कायदा घेऊन आला. शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, ती देशाबाहेर नेता येत नाही, धंदा करायचा तर लायसन्स लागतं. कायदा चोरट्या मूर्ती बाहेर जाऊ नयेत म्हणून आहे आणि तो पाहिजेच. पण साध्या घरात त्याचा अर्थ एवढाच पोचलाय की जुनं काही आहे असं बोललं तर लफडं होईल. घरातली वस्तू देशातल्या देशात विकायला बंदी नाहीये, हे भावाने तिसऱ्या मेसेजमध्ये सांगितलं, तोपर्यंत दादा घाबरून गेला होता. आणि घड्याळ तर खरंच शंभरीच्या काठावर आहे. फोटो मोठा करून बघितला, डायलवर अॅन्सोनिया लिहिलंय, ही अमेरिकन कंपनी १९२९ मध्ये बुडाली आणि तिची यंत्रसामग्री रशियाने उचलली. म्हणजे यंत्र खरं असेल तर ते त्याच्या आधीचं. लग्न लावलेलं असेल तर मग देव जाणे, आपल्याकडच्या बाजारात जुळवलेली घड्याळं ढीगभर आहेत.

इथले लोक फार शहाणे आहेत असंही कोणी समजू नये. २०१४ ची गोष्ट, नॉर्थॅम्प्टनच्या नगरपालिकेने स्वतःच्या म्युझियममधला चार हजार वर्षांहून जुना इजिप्तचा पुतळा लिलावात काढला, १ कोटी ५७ लाख पौंडांना, इजिप्तने ओरड केली तरी विकला, आणि म्युझियमची मान्यता गेली. त्याच वर्षी डर्बीपासून तासाभरावर वेजवुड या जुन्या पॉटरीच्या म्युझियमचा सगळा संग्रह कंपनीच्या पेन्शनच्या देण्यापायी विकला जाणार होता, तर साधारण तेवढीच रक्कम उभी करून तो वाचवला, मोठ्या संस्थांनी दिलं आणि लोकांनीही महिनाभरात भर घातली. दोन्ही गोष्टी याच देशातल्या. कौतुक करायचं तर दुसरीचं करा, पण पहिली लपवू नका.

मला नागपुरात सदबीज नको आहे. इतवारीत नाहीतर बर्डीत एखादी शेड, महिन्यातून एकदा, माल आदल्या दिवशी उघडा, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, कुठल्या घरातून आली, काय फुटलंय, काय बदललंय. महालात अजून किती वाडे पडायचे आहेत ते सगळ्यांना दिसतंय. दादाचं म्हणणं, "तू येऊन काढ न दुकान." बरोबर आहे त्याचं, मी येणार नाहीये, आणि परदेशातून सल्ले देणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते मला माहीत आहे.

म्हणून शनिवारी एवढंच केलं. व्हिडिओ कॉल लावला आणि आत्याला प्रत्येक वस्तूसमोर उभं केलं, ती बोलत गेली, दादा कुरकुर करत वहीच्या पानांवर लिहून सेलोटेपने चिकटवत गेला. बंगई कोणाच्या मुंजीत आली, कपाटाच्या कुठल्या खणात आजी बिब्बे ठेवायची, कुठल्या बरणीतलं लोणचं कोणीच खायचं नाही. घड्याळ आजोबा मुद्दाम सात मिनिटं पुढे ठेवायचे, आजीला मात्र ते माहीत होतं म्हणून ती मनात सात वजा करायची, आणि दोघांनी हे एकमेकांना कधी सांगितलं नाही. हे मी पहिल्यांदा ऐकलं.

घड्याळ आत्या घेऊन गेली. बरण्या वहिनीने ठेवल्या. बंगईला दादाच्याच मुलीने हात लावू दिला नाही. कपाट मात्र गेलंच, फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावत नाही, साडेआठ हजारांत. रविवारी रात्री दादाचा मेसेज आला की पाठीमागच्या फळीवरची चिठ्ठी काढायचीच राहिली, उद्या कबाड्याला फोन करू का. मी म्हटलं, राहू दे.