तो चाकू नाही, फणीचा हूक आहे

एका लेखात ओळख न पटलेल्या वस्तूचा फोटो आलाय: वीतभर लांब, पातळ चपटी पट्टी आणि टोकाशी एका बाजूला खाच. लेखकांनी ‘पाकिटं फोडायचा चाकू असावा’ असा अंदाज केलाय. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या कुणालाही दाखवा, हसेल. मागावरच्या फणीतून, म्हणजे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या काड्यांच्या चौकटीतून, ताण्याचे (कापडाचे उभे) धागे ओढायचा हूक आहे तो.

धार तपासून बघा, नसणारच. धार असती तर सूत कापलं गेलं असतं. पट्टी इतकी पातळ, कारण ती फणीच्या दोन काड्यांमधून आरपार जायला हवी. खाचेवरून बोट फिरवा. आतून काचेसारखी गुळगुळीत लागली तर समजा, हजारो धागे तिथून गेलेत. हे काम दोघांचं. आजी मागच्या बाजूला बसून धागा पुढे करायची, आजोबा हूक घालून ओढायचे. बहुतेक वेळा एका घरात, म्हणजे दोन काड्यांमधल्या फटीत, दोन धागे. एखाद्या घरात चुकून तीन गेले की कापडावर लांबच लांब पट्टा उमटायचा. मग शिव्या कुणी खायच्या यावरून वाद!

रोज लागणारी वस्तू नव्हे ही. जुन्या ताण्याच्या टोकांना नवे धागे गाठी मारून जोडले की पुन्हा ओवावं लागत नाही. म्हणून ती वर्षानुवर्षं खणात पडून राहते आणि नातवंडं तिने खरंच पाकिटं फोडतात. आमच्याकडेही तेच झालं.