सगळीकडे हुबेहूब तेच म्हणजे सुसंगती नव्हे

सध्या एक सल्ला फार फिरतोय: "इंटरफेस एकदाच डिझाइन करा आणि विंडोज, मॅक, लिनक्स, मोबाइल सगळीकडे जसाच्या तसा द्या. वापरणाऱ्याला नव्याने शिकावं लागत नाही, खर्च वाचतो आणि डिझाइन सिस्टिम (रंग, अंतरं, आयकॉन, बटणं यांचा तयार संच) घेतली की सुसंगती आपोआप येते."

"नव्याने शिकावं लागत नाही." बहुतेक लोक एकच ॲप चार मशीनवर नाही, एकाच मशीनवर अनेक ॲप वापरतात. हाताला सवय असते ती त्या मशीनची. विंडोजच्या डायलॉगमध्ये 'ओके' आधी, 'कॅन्सल' त्याच्या उजवीकडे. मॅकवर मुख्य बटण सगळ्यात उजवीकडे. विंडोजचा क्रम मॅकवर तसाच नेला की 'सेव्ह' समजून 'कॅन्सल' दाबलं जातं. होम की विंडोजवर ओळीच्या सुरुवातीला नेते. मॅकवर बहुधा मजकूर वर सरकतो, कर्सर जागेवरच राहतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये तर कंट्रोल-सी कॉपी करत नाही, चालू प्रोग्रॅमच थांबवतं. म्हणून तिथे कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी.

उपाय अवघड नाही. कोडमध्ये कृती एकदाच ठरवा (सेव्ह, रीडू, बंद करा). शॉर्टकट आणि बटणांचा क्रम प्लॅटफॉर्मवर सोपवा. क्यूटी या इंटरफेस बनवायच्या लायब्ररीत बटणाला भूमिका ('स्वीकारा', 'रद्द करा' अशी) दिली की क्रम लायब्ररीच लावते. तरीही लोक बटणं हाताने मांडत बसतात!

"खर्च वाचतो." सुरुवातीला वाचतो, खरं आहे. पण स्वतः रंगवलेल्या बटणाला कीबोर्ड फोकस (माऊसशिवाय बटणापर्यंत पोचता येणं), स्क्रीन रीडरसाठी (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) नाव आणि हाय कॉन्ट्रास्ट (ठळक रंगभेद) हे सगळं स्वतःच पुरवावं लागतं. माऊससाठीचं २४ पिक्सेलचं बटण बोटाला अपुरं पडतं: ॲपलची शिफारस ४४ पॉइंट, अँड्रॉइडची ४८ डीपी (दोन्ही पडद्याच्या पिक्सेल-घनतेवर न अवलंबणारी मापं). उलटा प्रयोगही झालाय. २०१२च्या विंडोज ८ने टचसाठीची स्टार्ट स्क्रीन डेस्कटॉपवाल्यांवरही लादली, २०१३च्या ८.१मध्ये स्टार्ट बटण परत आणावं लागलं.

"डिझाइन सिस्टिम घेतली की झालं." रंग, अंतरं, आयकॉन यांपुरतं ठीक. पण एका ॲपमध्ये 'डिलीट' म्हणजे ट्रॅशमध्ये टाकणं आणि दुसऱ्यात कायमचं पुसणं असेल, तर दोन्हीकडे तेच देखणं लाल बटण असणं उलट धोक्याचं. असा फरक पकडायला तक्ता करा: ओळींत कृती, रकान्यांत ॲप, प्रत्येक चौकटीत नाव, शॉर्टकट, अन्डू होतं का आणि एस्केप दाबल्यावर काय होतं. परिणाम वेगळा असूनही नाव तेच दिसलं, तर दुरुस्ती तिथून सुरू करा.